झाडलेल्या काडतुसाची मान का कापतात? पाव मिलिमीटरमागचं गणित

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. 'पोलिसांनी घटनास्थळावरून दोन रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या.' वाचणारा ते वाक्य ओलांडून पुढे जातो. गोळी निघून गेली, उरली ती पुंगळी. तिचं काय एवढं?

मग कधीतरी रात्री रील्स बघता बघता एक व्हिडिओ समोर येतो. अमेरिकेतला एखादा काका आपल्या गॅरेजमध्ये बसलाय. समोर टेबलावर शंभरेक पितळी पुंगळ्या. एकेक उचलून तो छोट्याशा यंत्रात अडकवतो, हँडल फिरवतो आणि पितळेचा सोनेरी कीस खाली पडतो. नंतर पेन्सिलला टोक काढावं तसं पुंगळीचं तोंड आतून आणि बाहेरून हलकंसं घासतो. बघायला मजा येते, आवाजही छान येतो. पण हे चाललंय काय, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. गोळी झाडून झाली, पुंगळी रिकामी झाली, मग तिचं तोंड कापायचं कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना अमेरिकेपेक्षा खडकी, वरणगाव आणि अंबरनाथ ही नावं जास्त उपयोगी पडतात.

काडतूस म्हणजे गोळी नव्हे

बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. प्रत्यक्षात रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात. पुढे टोकदार गोळी, मागे बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, मध्ये दारू आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी. बंदुकीचा चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, ठिणगी दारूत जाते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. चौघांपैकी तीन वस्तू एका क्षणात संपतात किंवा निघून जातात. मागे राहते ती पुंगळी.

जुन्या काळी ही पुंगळी नव्हतीच. कोकणात अजूनही ऐकू येणारी ठासणीची बंदूक आठवा. तिच्यात दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून टाकून गजाने ठासावे लागतात. त्यानंतर कागदी काडतुसं आली. १८५७ च्या उठावात ज्यांच्यावरून भडका उडाला ती एनफिल्ड रायफलची चरबी लावलेली काडतुसं कागदाचीच होती आणि दाताने फाडून वापरायची होती. पुढच्या दहाएक वर्षांतच ब्रिटिशांनी पितळेकडे मोर्चा वळवला. वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे कर्नल बॉक्सर यांनी स्नायडर-एनफिल्ड रायफलसाठी पितळी काडतूस तयार केलं आणि कागद मागे पडला. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. 'थ्री नॉट थ्री'च्या जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर दिसणारी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं याच कारखान्याची.

पितळच का? कारण पुंगळीला एकाच वेळी दोन विरुद्ध कामं करायची असतात.

.३०८ या प्रसिद्ध रायफल काडतुसात दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. चारचाकीच्या टायरमध्ये आपण साधारण ३२ पीएसआय हवा भरतो. म्हणजे टायरच्या जवळपास १९०० पट दाब, तोही गोळी झाडणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. हा वायू मागच्या बाजूला निसटला तर थेट चेहऱ्यावर येईल. म्हणून दाब वाढताच पुंगळीने फुगून बंदुकीच्या घराला चहूबाजूंनी घट्ट चिकटलं पाहिजे, अगदी बुचासारखं. आणि दाब उतरताच तिने पुन्हा थोडं आकसलं पाहिजे, नाहीतर ती आतच अडकून बसेल. फुगायचं पण फाटायचं नाही, आणि फुगून झाल्यावर मागे यायचं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त हे मिश्रण हे काम इतकं चोख करतं की त्याला 'काडतुसाचं पितळ' असंच नाव पडलं आहे.

मान वाढते कशी?

आता मूळ प्रश्न. पुंगळी फुगते आणि परत आकसते, पण पूर्वीइतकी नाही. थोडी फुगलेली राहते. ती पुन्हा वापरायची तर तिला साच्यात घालून मूळ मापावर दाबावं लागतं. आणि इथेच पितळ आपला गुण दाखवतं.

कणकेची लाटी दोन तळव्यांत धरून वळली की काय होतं? जाडी कमी होते आणि ती लांब होत जाते. दाबलेली कणीक कुठेतरी जाणारच. पितळाचंही तेच. गोळी झाडताना दाबाने आणि नंतर साच्यात दाबताना पितळ हळूहळू पुढे, तोंडाकडे सरकत जातं. पुंगळीची मान लांब होते.

किती? डोळ्यांना कळणार नाही इतकी. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर मानली जाते. ती ओलांडली की तोंड कापून पुंगळी साधारण ५०.९३ मिलिमीटरवर आणतात. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा म्हणा ना.

गंमत म्हणजे ही लांबी काडतुसाच्या नावातच असते, आपण कधी लक्ष दिलेलं नसतं. बातम्यांत '७.६२ बाय ५१' असं वाचतो ना, त्यातला पहिला आकडा नळीचं माप आणि दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इन्सास रायफलचं काडतूस '५.५६ बाय ४५', एके-४७ चं '७.६२ बाय ३९'. त्यामुळे 'सेव्हन पॉइंट सिक्स टू' एवढंच म्हटलं तर काडतूस एके-४७ चं की जुन्या एसएलआरचं, हे कळतच नाही. दोघांमध्ये फरक आहे तो पुंगळीचा.

पण पाव मिलिमीटरने असं काय बिघडतं?

पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. चौकट तीच, दार तेच, पण किंचित वाढलेलं दार चौकटीत असं रुततं की उघडता उघडत नाही. मग सुतार येऊन रंधा मारतो. रायफलच्या घरात पुंगळीच्या तोंडासाठी नेमकी जागा कोरलेली असते आणि तिच्या पुढे एक बारीक पायरी असते. पुंगळीची मान गरजेपेक्षा लांब झाली तर बोल्ट बंद करताना तिचं तोंड त्या पायरीवर दाबलं जातं आणि आत वळून गोळीला आवळून धरतं. एरवी दारू पेटली की मान फुगते आणि गोळीला मोकळं सोडते. इथे मानेला फुगायला जागाच नाही. गोळी सुटत नाही, मागे वायू साठत जातो आणि दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर चढतो. ज्या पोलादाच्या भरवशावर माणूस रायफल गालाला लावतो, त्या पोलादाची ही परीक्षा असते. ती नेहमी पास होईलच असं नाही.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट ही की असं काडतूस बाहेरून अगदी ठीक दिसतं. रायफलमध्ये जातंही. बोल्ट बंद करताना थोडा जास्त जोर लागतो, एवढीच काय ती सूचना.

कापून झालं तरी काम अर्धंच

म्हणून आधी पुंगळी स्वच्छ करायची, साच्यातून दाबायची आणि मग व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजायची. हा क्रम उलटा करून चालत नाही. दाबताना लांबी वाढते, त्यामुळे आधी मोजून ठेवलेलं माप फुकट जातं. लांबी जास्त भरली तर पुंगळी छोट्या हातलेथवर चढते. बूड एका बाजूने पकडलेलं, तोंडात एक गुळगुळीत दांडी घातलेली, म्हणजे पुंगळी डुगडुगणार नाही आणि काप काटकोनात बसेल. हँडल फिरवलं की पातं तोंडाचा जादा भाग खरवडून काढतं. आयटीआयला टर्नरचा ट्रेड केलेल्या कोणालाही हे लेथचंच बाळरूप वाटेल, आणि ते तसं आहेच.

मग ते पेन्सिलला टोक काढल्यासारखं काय होतं? ज्याने कधी पत्रा कापलाय त्याला सांगायला नको. कोणताही धातू कापला की काठाला बारीक धारदार कड उभी राहते. वर्कशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात आणि ती काढण्याला 'डीबरिंग'. ज्वारीच्या कुसळासारखी ती दिसत नाही, पण हाताला बरोबर टोचते.

पुंगळीच्या तोंडाला ही कड दोन्हीकडे राहते. आतली कड गोळी बसवताना गोळीवरचं तांब्याचं आवरण खरवडते. एका बाजूने ओरखडलेली गोळी हवेत सरळ जात नाही, कारण नळीतून निघालेली गोळी सेकंदाला हजारो फेरे स्वतःभोवती घेत असते आणि असा भोवरा किंचित जरी एकीकडे कलला तर डोलू लागतो. बाहेरची कड बंदुकीच्या घरात घासते, शिवाय तिच्यामुळे मानेचं मापही चुकतं. म्हणून बाहेरून कड काढायची आणि आतून काठाला किंचित उतार द्यायचा, म्हणजे गोळी सरकन बसते.

इथे उत्साही माणसं हमखास चुकतात. घासायला मजा येते म्हणून घासत राहतात. दोन-तीन हलके फेरे पुरेसे असतात. त्यापुढे गेलं की तोंडाला सुरीसारखी धार येते, काठ पातळ पडतो आणि तो दुमडतो किंवा चिरतो. कड काढायची आहे, धार लावायची नाही. शेवटी आत पडलेला पितळेचा कीस झटकून टाकायचा.

आता एक गोष्ट, जी त्या व्हिडिओंमध्ये सहसा राहून जाते. कापून टाकलेला तो कीस आला कुठून? पुंगळी काही वाढत्या वयाचं पोर नाही. मानेत जे पितळ वाढलं ते अंगातूनच आलेलं असतं. बुडाच्या थोडं वर, जिथे पुंगळीची जाड भिंत पातळ होऊ लागते, तिथलं पितळ ताणलं जातं. म्हणजे मान जितक्या वेळा कापली, तितकी कंबर झिजली. शेवटी त्या जागी बाहेरून एक चकचकीत कडं दिसू लागतं आणि ती पुंगळी भंगारात टाकायची वेळ आलेली असते. तरीही वापरली तर बूड एकीकडे आणि नळी एकीकडे अशी ती आतच तुटू शकते. जुन्या थ्री नॉट थ्री रायफलींची घरं जरा ऐसपैस असत, त्यामुळे त्यांच्या पुंगळ्या अधिक ताणल्या जात आणि हा प्रकार त्यांच्या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध होता. म्हणून जाणकार माणूस पुंगळी किती वेळा कापली याची नोंद ठेवतो. ती नोंद म्हणजे पुंगळीचं वय.

पावसाळा, घोडे आणि चिरलेल्या पुंगळ्या

पितळाचा आणखी एक स्वभाव आहे. पुण्याच्या तांबट आळीत काम बघितलेल्यांना तो ठाऊक असतो. भांडं ठोकता ठोकता धातू कडक होतो. तसाच ठोकत राहिलं तर तडकतो. म्हणून तांबट मध्येच थांबून भांडं भट्टीत तापवतो, धातू पुन्हा मऊ होतो आणि हातोडा पुन्हा सुरू होतो. पुंगळीची मानही दर वेळी फुगून आणि दाबली जाऊन कडक होत जाते आणि एक दिवस उभी चिरते. उपाय तोच, मान तापवून मऊ करणं. बूड मात्र तापवायचं नाही. सगळा दाब झेलतं ते बूड, ते कडकच राहायला हवं.

या गोष्टीचा एक मोठा धडा भारतातच शिकला गेला. ब्रिटिश काळात इथे साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरत. कोणी झाडली नाहीत, कोणी ठोकली नाहीत, पेटी उघडावी तर माना तडकलेल्या. त्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' म्हणजे ऋतूची तडक असं नाव पडलं, कारण ती पावसाळ्यातच दिसे. दोष बरीच वर्षं हवेला दिला गेला. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. काडतुसं घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळेवर बसे. पुंगळी बनवताना पितळात जो ताण कोंडून राहिलेला असे, त्या ताणाच्या रेषांवर अमोनिया नेमका हल्ला करी. पुंगळ्या बनवून झाल्यावर हलक्या आचेने तो ताण काढून टाकला की तडक थांबते, हे मग कळलं.

आजही लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते. ती घाण नव्हे. मान तापवल्याची ती खूण आहे.

नव्या पुंगळीचीही मान कापतात

कापणं आणि कड काढणं हे फक्त जुन्या पुंगळीचंच काम आहे असं समजू नका. कारखान्यात नवीन पुंगळी तयार होतानाही ते होतं. पितळेच्या जाड पट्टीतून आधी चकती आणि तिची छोटी वाटी करतात. ती वाटी साच्यातून ओढून ओढून लांब नळी केली जाते. प्रत्येक ओढीनंतर धातू कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये भट्टी आणि आम्लाची धुलाई. ओढलेल्या नळीचा काठ कधीच सरळ येत नाही, लाटलेल्या पोळीच्या कडेसारखा वरखाली असतो. तो कापून सरळ करावा लागतो. मग बूड दाबून त्यावर कारखान्याची अक्षरं उमटवतात, टोपीची जागा करतात, मान आवळतात आणि शेवटी पुन्हा एकदा नेमक्या लांबीला कापतात.

महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अंबरनाथची आयुध निर्माणी पितळ आणि इतर अलोह धातूंच्या कामासाठी ओळखली जाते. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी उभी राहिली. रायफलींची काडतुसं हे तिचं मुख्य काम. तिथल्या पुंगळीच्या बुडावर 'ओएफव्ही' ही अक्षरं असतात. १ ऑक्टोबर २०२१ ला जुन्या आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत तुकडे झाले, तेव्हा खडकी आणि वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले, तर अंबरनाथ नागपूरच्या 'यंत्र इंडिया'कडे. जळगाव जिल्ह्यातल्या कित्येक घरांत 'बाबा वरणगाव फॅक्टरीत होते' हे वाक्य असतं. त्या बाबांच्या हाताखालून गेलेल्या मालात पाव मिलिमीटरचा हिशोब रोजचाच होता.

सैन्य मात्र झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरत नाही. युद्धातल्या रायफलीला दर वेळी एकसारखं, नवं काडतूस लागतं. पुंगळ्या मोजून गोळा होतात आणि पितळ म्हणून पुढे जातात.

पालमच्या शेतावर हा प्रश्न येतो का?

पालम, गंगाखेड, लोहा या पट्ट्यात रानडुकरं आणि हरणांनी पिकं तुडवणं नवीन नाही. एखाद्याकडे पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक असलीच, तर ती बहुधा बारा बोअरची असते. तिचं काडतूस वेगळ्या जातीचं. पुंगळी प्लॅस्टिकची किंवा पुठ्ठ्याची, फक्त बूड धातूचं आणि आत एका गोळीऐवजी छर्रे. खडकीचं 'शक्तिमान' काडतूस ते हेच. त्याला मान नसते, त्यामुळे मान कापण्याचा प्रश्नही नसतो. थ्री नॉट थ्रीसारखी लष्करी मापं सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाहीत. म्हणूनच तर इशापूरची .३१५ ची रायफल नागरिकांसाठी वेगळी निघाली.

मग ऑलिंपिकमधल्या रायफलचं काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात .२२ चं काडतूस वापरतात. त्याला वेगळी टोपी नसते, पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर आपटते. एकदा चेचलेली कड पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे ती पुंगळी एकदाच कामाची.

थोडक्यात, मान कापायचा उद्योग बराचसा अशा देशांत चालतो जिथे नागरिकांना मोठ्या रायफली आणि घरी काडतुसं भरण्याची मुभा आहे. तिथे तो स्वस्तही पडतो, कारण काडतुसातला सगळ्यात महाग भाग बहुधा पुंगळीच असते. त्यातही एक गंमत आहे. ज्या टोपीच्या रचनेमुळे पुंगळी सहज पुन्हा भरता येते ती ब्रिटनच्या बॉक्सरची, पण अमेरिकेत रुजली. अमेरिकेच्या बर्डानची रचना मात्र युरोपात आणि बऱ्याच लष्करी काडतुसांत चालली. बर्डानच्या पुंगळीत ठिणगीसाठी दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे जुनी टोपी काढणं जिकिरीचं.

'फक्त पुंगळीच तर आहे'

आता मुद्द्याची गोष्ट. व्हिडिओ बघून कोणाला वाटेल की हातलेथ मागवू, चार पुंगळ्या मिळवू, नुसता छंद म्हणून. भारतात हे छंदाच्या खात्यात येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री, दोन्हींचा समावेश आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

याचा अर्थ आजोबांच्या कपाटात सापडलेल्या एका जुन्या पुंगळीने घर उद्ध्वस्त होतं असा नाही. जे किरकोळ भाग दुसऱ्या भागांना जोडून वापरण्याचा इरादा नाही, त्यांच्यासाठी याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. आणि वस्तू 'ताब्यात' होती असं म्हणायला ती आपल्याकडे आहे याची जाणीव असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगून ठेवलंय. पण हे सगळं कोर्टात सांगायचं असतं. विमानतळावर बॅग स्कॅन करणारा जवान ते ऐकायला बांधील नाही. बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसामुळे विमान चुकलेले आणि गुन्हा दाखल झालेले लोक दरवर्षी सापडतात.

पुंगळ्या इतक्या काटेकोर मोजतात त्यालाही कारण आहे. सरावात किती काडतुसं झाडली याचा पुरावा म्हणजे परत आलेल्या पुंगळ्या. जिवंत काडतुसं बाहेर विकायची आणि हिशोब जुळवायला तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या दाखवायच्या, अशी पळवाट यातून निघू शकते. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये सीआरपीएफ आणि पोलीस दलातल्या लोकांनी काडतुसं बाहेर विकल्याचं प्रकरण उघड झालं, तेव्हा जिवंत काडतुसांबरोबर रिकाम्या पुंगळ्याही सापडल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यात २४ जणांना १० वर्षांची शिक्षा सुनावली.

सराव मैदानांच्या आसपास भंगार वेचणाऱ्यांची गोष्ट याहून वाईट. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज परिसरात पितळ-लोखंडाच्या मोहाने न फुटलेला गोळा उचलल्याने माणसं दगावली आहेत. रायफलची पुंगळी आणि तोफेचा गोळा यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण पितळ दिसलं की हात जातो. शेतात, नाल्यात किंवा भंगारात असं काही दिसलं तर हात न लावता पोलीस ठाण्याला कळवायचं. डायल ११२ त्यासाठी पुरतो.

आणि बातमीतल्या त्या दोन पुंगळ्या? त्या पाकिटात बंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, मुंबईतल्या गुन्ह्यात बहुधा कालिनाला. तिथे बुडावरची अक्षरं वाचतात, टोपीवर पिनेने पाडलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या पुंगळीवरच्या खळग्याशी ताडून बघतात आणि दोन्ही एकाच बंदुकीतून झाडल्या का ते ठरवतात. पुंगळी पूर्वी कोणी पुन्हा भरली असेल तर तेही तिच्या अंगावर दिसू शकतं. साच्यात ओढल्याचे चरे, बुडाच्या कडेला एकापेक्षा जास्त वेळा उमटलेले ओढपकडीचे ठसे, आणि तोंडाशी पात्याने कापल्याचा तो सरळ, नितळ काठ.